गुडघ्याच्या वरची घोडी

अशोकराव फडतऱ्यांना कुणी भेटलं की त्यांची नजर आधी त्या माणसाच्या पायांकडे जायची. त्यात उद्धटपणा नव्हता, धंदा होता. खटाव तालुक्यातून फौजेत गेले, तिथे नालबंद झाले, आणि वीस वर्षं घोड्याखेचरांच्या खुरांना नाल ठोकून पंचकुल्याजवळच्या छावणीतून दफेदार म्हणून निवृत्त झाले. गावी परतायचा बेत होता, पण मुलगी स्मिता शाळेत होती आणि मनीमाजऱ्याचे घोडेवाले त्यांना सोडायला तयार नव्हते. साल एक्क्याण्णव. पुढच्या पाच-सात वर्षांत लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, झिरकपूरच्या रस्त्याला एकाला एक लागून मॅरेज पॅलेस उभे राहिले, आणि ज्याच्या बापाने सायकलवरून वरात नेली होती त्यालाही पांढरी घोडी हवी झाली. फडतऱ्यांना कामाची कमतरता राहिली नाही.

त्यांचा कान अजब होता. घोडं डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीने पळवायला सांगायचे आणि स्वतः डोळे मिटून उभे राहायचे. टापांच्या तालात कुठे जराशी उणीव आली की बोट वर करायचे. "पुढचा डावा. आतल्या बाजूला खडा आहे." खूर उचलून बघावं तर खडा तिथेच. त्यांना खुरावरून घोड्याची जात, वय, मालकाचा कंजूषपणा सगळं कळायचं. घोड्याच्या तोंडाशी मात्र त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. ते काम डॉक्टरांचं, असं ते म्हणायचे.

हीच तऱ्हा घरात. स्मिता नवजोत नावाच्या सरदार मुलाच्या प्रेमात पडली हे तिच्या चेहऱ्यावरून अख्ख्या गल्लीला कळलं होतं. बापाच्या लक्षात एवढंच आलं की पोरीने वर्षात दोनदा सँडलचे तळ बदलून घेतले. "चालते किती ही?" असं त्यांनी बायकोला, शालिनीताईंना विचारलं. शालिनीताईंनी कपाळाला हात लावला आणि सगळं सांगून टाकलं.

लग्न ठरलं. त्याच सुमाराला मोरनीचं प्रकरण उपटलं.

मोरनी ही बलकार सिंगची पांढरी घोडी. नऊ वर्षांची, स्वभावाने गरीब, ढोलताशांच्या गदारोळातही शांत चालणारी. तिचे नाल फडतऱ्यांनीच ठोकलेले, आणि ती त्यांची लाडकी होती हे ते कबूल करायचे नाहीत एवढंच. तर ही मोरनी एका नव्या मॅरेज पॅलेसच्या दारात अडली. नवरा वर, वऱ्हाड मागे, आणि घोडी एक पाऊल पुढे टाकेना. नवऱ्याला उतरून चालत आत जावं लागलं. पंधरा दिवसांनी त्याच दारात पुन्हा तेच. बलकारची सगळीकडे छी-थू झाली.

तो घोडी घेऊन तणतणत फडतऱ्यांकडे आला. दोष नालांत असणार, असं त्याचं म्हणणं. फडतऱ्यांनी चारही खूर उचलले, ठोकून पाहिले, दाबून पाहिले, हाताने ऊब पाहिली. मग रस्त्यावर पळवून डोळे मिटून ऐकलं. चाल घड्याळासारखी बिनचूक. पाय निर्दोष आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग अडते का, हे मात्र खुरांवरून कळेना.

बलकारने थंडपणे सांगून टाकलं. "उस्तादजी, एक बार और अड़ी, तो भट्ठेवाले को दे दूँगा. बात पक्की हो चुकी है."

भट्ठा म्हणजे वीटभट्टी. तिथे विटांनी भरलेली गाडी ओढत घोडं दोन-तीन वर्षांत संपतं. फडतऱ्यांनी तिथले खूर पाहिले होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं की आमच्या स्मिताच्या लग्नात नवरदेव मोरनीवरूनच येईल, मी व्याह्यांना सांगतो. हॉलही तोच होता. त्या तारखेला झिरकपुरात दुसरा मोकळा नव्हता.

घरी शालिनीताईंनी भांडी आपटली. "अहो, पोरीच्या लग्नात घोडीची परीक्षा घेताय तुम्ही? अडली तर सासरचे जन्मभर बोलून दाखवतील." पाय ठीक आहेत, एवढंच फडतरे पुन्हा म्हणाले.

आदल्या दिवशी घरी मराठी पद्धतीने अंतरपाट, अक्षता झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शीख पद्धतीने लग्न. फडतरे आयुष्यात पहिल्यांदा सूट घालून, वर कोल्हापुरी फेटा बांधून पॅलेसच्या दाराशी उतरले. दारात काळ्या ग्रॅनाइटची रुंद फरशी होती, नुकतीच धुऊन पुसलेली. तिच्यात आभाळ दिसत होतं आणि फुग्यांची कमान उलटी लटकत होती. फडतऱ्यांना वाटलं पाणी साचलंय. त्यांनी खाली वाकून पाहिलं, पँट दोन बोटं वर धरली आणि बुटाच्या टोकाने चाचपून मगच पाय टाकला. शालिनीताई हसल्या.

दहाच्या सुमारास ढोल वाजू लागला. मोरनी वळणावरून झुलत आली. अंगावर मखमल, कपाळावर कलाबतूच्या झालरी, वर गुलाबी पगडीतला नवजोत. दोन बाजूंनी त्याचे दोन मावसभाऊ लगाम आखडून धरून चालत होते, म्हणजे घोडीची मान फोटोत ऐटदार दिसावी. ती ग्रॅनाइटच्या कडेला आली आणि थांबली.

ढोलवाल्याने जोर केला. भावांनी लगाम ओढला. मोरनी दोन पावलं मागे सरली. गर्दीतल्या बलकारने फडतऱ्यांकडे पाहिलं.

सवयीने फडतरे वाकायला गेले. पण हातात जाडजूड हार, कमरेला घट्ट सूट, डोक्यावर फेटा. वाकता येईना. म्हणून ते नाइलाजाने ताठ उभे राहिले, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घोडी गुडघ्याच्या वर नीट पाहिली.

मान आभाळाकडे ताणलेली. डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. कान पुढे-मागे फिरत होते, नाकपुड्या फुलत होत्या, आणि ती मान खाली घालायचा प्रयत्न करत होती, तेवढंही कुणी करू देत नव्हतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नाकाखालची जमीन त्याला मान खाली घातल्याशिवाय दिसत नाही. फौजेच्या शाळेत हे शिकवलं होतं, पण तो तास वरच्या भागाचा म्हणून फडतऱ्यांनी कधी मनावर घेतला नव्हता. आणि ओठांभोवतीच्या ज्या लांब मिश्यांनी घोडं जवळची वस्तू चाचपतं, त्या बलकारने शोभेसाठी वस्तऱ्याने साफ केल्या होत्या. मघाशी आपण स्वतः वाकून पाहिलं, पायाने चाचपलं, मग पुढे गेलो. हिला तेवढंही करू दिलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे खरंच अंगणच वाकडं होतं.

फडतऱ्यांनी हार शालिनीताईंच्या हातात दिला आणि वधूपित्याचा मान वगैरे विसरून थेट घोडीच्या घामेजल्या मानेला खेटून उभे राहिले. "लगाम छोड़ो जी," ते भावांना म्हणाले. "देखने दो उसको."

भाऊ बिचकले. वर बसलेला नवजोत म्हणाला, "पापाजी जो बोल रहे हैं, करो."

लगाम सैल झाला. ढोल थांबला. मोरनीने मान खाली घातली, पार फरशीला नाक टेकेपर्यंत. फुरफुरली, तशी काळ्या दगडावर वाफ उमटली. एकदा डाव्या डोळ्याने पाहिलं, एकदा उजव्या. पुढचा एक पाय उचलून टाप हलकेच ठेवून पाहिली. मग दुसरा. फडतऱ्यांनी डोळे मिटले नाहीत. टक, टक, टक, टक करत घोडी दारातून आत गेली, आणि त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मग मिलनी, म्हणजे व्याह्यांची गळाभेट झाली. नवजोतचे वडील सहा फुटांचे. त्यांनी घोडीच्या घामाने माखलेल्या व्याह्याला मिठी मारून जमिनीपासून हातभर उचललं. फेटा पडला. लोक हसले, फडतरेही हसले.

दुपारी निघताना स्मिता पाया पडायला वाकली. फडतऱ्यांची नजर तिच्या जरीच्या जुत्त्यांवर गेली. उजवी जरा घट्ट होती, हे त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी तिला खांद्यांना धरून उभं केलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पापा, क्या देख रहे हो?"

"काही नाही. तुला बघतोय."

स्मिता हसता हसता रडायला लागली.

महिन्याभराने बलकार नाल बदलायला मोरनीला घेऊन आला. भट्ठेवाल्याला त्याने लग्नाच्याच संध्याकाळी नकार कळवला होता, आणि त्या दारातून ती आता दर लग्नात मान खाली घालून, खुशाल हुंगून मगच आत जाते, असं तो कौतुकाने सांगत होता. फडतऱ्यांनी अवजारांची पिशवी खाली ठेवली, पण खूर उचलला नाही. आधी ते तिच्या तोंडाशी गेले आणि तळहात पुढे केला. तिने तो सावकाश हुंगला. ओठांभोवती नव्या मिश्या फुटल्या होत्या. त्या त्यांच्या हाताला टोचल्या.