केस कापणाऱ्या बाईचं पाचारण

गल्लीत सगळे तिला चौकशीताई म्हणायचे, आणि तिला ते माहीत होतं. बायकांचे केस कापण्याचं छोटंसं दुकान, दोन खुर्च्या, एक मोठा आरसा. खुर्चीत बसलेल्या बाईच्या गळ्याभोवती कापड बांधून होईपर्यंत ताईनं तिच्या सासूचं दुखणं, मुलाची परीक्षा आणि नवऱ्याचा मूड, सगळं काढून घेतलेलं असायचं. पण तिच्या चौकशीला चहाडीचा वास नव्हता. ऐकलेलं पोटातच राहायचं. माणसं आतून कशी असतात याचंच तिला नवल, लहान मुलाला घड्याळ उघडून बघावंसं वाटतं ना, तसं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक जवळच राहायची, जावई स्वभावानं गरीब. साठी उंबरठ्यावर होती, गुडघे कुरकुरत होते. आता दुकान कुणाला तरी चालवायला द्यावं आणि निवांत बसावं, असं लेकीनं ठरवूनही टाकलं होतं.

अशातच एका रविवारी चर्चमध्ये एक पाहुणे आले. दूरच्या एका बंदरावर खलाशांसाठी मिशन होतं, त्याचे ते प्रमुख. ताईचं लक्ष आधी गेलं ते त्यांच्या डोक्याकडे. एका कानावर केस लोंबत होते, दुसरा कान उघडाबोडका. ‘हे कुणी केलं असेल?’ या विचारात अर्धा उपदेश तिच्या डोक्यावरून गेला. तेवढ्यात एक वाक्य मात्र कानात शिरलं. प्रमुख म्हणत होते, "ही माणसं महिनोन्‌महिने समुद्रावर असतात. त्या सगळ्या काळात त्यांच्या पाठीवर मायेनं कुणाचा हात पडत नाही."

उपासना संपल्यावर ताईनं त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, राग मानू नका, पण तुमचे केस कुणी कापले?"

"मीच," ते ओशाळून म्हणाले.

"आणि त्या खलाशांचे?"

"एकमेकांचे कापतात. माझ्यापेक्षा बरे कापतात म्हणायचे."

ताई हसली आणि घरी आली. पण ते वाक्य काही तिला सोडेना. दुकानात कुणाच्याही डोक्यात बोटं घातली की ते आठवायचं. आपण आयुष्यभर हेच तर करत आलो, माणसांच्या डोक्यावर हात ठेवत आलो. कधी लक्षातच आलं नाही.

शेवटी ती चर्चच्या पाळकांकडे गेली. पाळक वयानं तिच्या लेकीएवढे.

"पाळकसाहेब, देवाचं पाचारण आलंय हे माणसाला कळतं कसं?"

पाळकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "खरं सांगू? मला वडिलांनी ढकललं होतं या कामात. पाचारण मागाहून आलं, धापा टाकत. तुम्हाला काही ऐकू आलं का?"

"ऐकू नाही आलं. पण तिथं काय असेल, हे बघितल्याशिवाय चैन पडेल असं वाटत नाही. याला पाचारण म्हणतात की माझी खोड?"

"देवानंच दिली असेल ना ती खोडही," पाळक म्हणाले. "जाऊन बघा. नसेल तर परत या, आम्ही कुठं पळून जातोय?"

लेकीनं मात्र आकाशपाताळ एक केलं. "आई, या वयात? लोक निवृत्त झाल्यावर नातवंडं सांभाळतात!"

"तू दे की मग एखादं," ताई म्हणाली. जावई खोकत खोकत स्वयंपाकघरात निघून गेला.

"आणि तुला बायबलमधलं येतं तरी किती? तू काय शिकवणार त्यांना?"

"काहीच नाही," ताईनं कबूल केलं, आणि तरी मिशनला पत्र धाडलं. मिशनच्या लोकांनीही नेमकं हेच विचारलं, आणि तिनं तिथंही कबूल केलं, की उपदेश आपल्याच्यानं व्हायचा नाही. प्रमुखांनी तिची बाजू घेतली म्हणून एका हंगामापुरतं तिला बोलावलं गेलं.

समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो क्रेनच्या पायांमधून, तेलकट आणि करडा. जहाजाच्या कडेला हलती शिडी लटकवलेली होती. एका हातात कात्र्यांची पेटी, दुसऱ्या हातात दोर, ओठांवर प्रभूचं नाव, अशी ती वर चढली. खलाशांच्या जेवणाच्या खोलीत एक स्टूल मांडलं आणि उभी राहिली.

पहिले काही आठवडे फार कोरडे गेले. माणसं यायची, मुकाट्यानं मान खाली घालायची, केस कापून घ्यायची आणि हात जोडून कामावर जायची. त्यांची भाषा हिला येईना, हिची त्यांना. जिच्या प्रश्नांनी गल्ली बेजार व्हायची, ती आता खाणाखुणांवर आली. ‘घरी कोण?’ असं हातानं विचारलं, की फोनवरचे फोटो पुढे यायचे. प्रभूच्या सुवार्तेचं तर कुणी नावही काढलं नाही. खोलीवर परतल्यावर पाय गरम पाण्यात सोडून ती स्वतःलाच विचारायची, ‘केसच कापायचे होते तर घरचं दुकान काय वाईट होतं?’

मग एका मालवाहू जहाजावर तिला तो आचारी भेटला. आडदांड माणूस, मनगटांवर भाजल्याचे डाग. स्टुलावर बसला, डोळे मिटले. ताईनं मानेवरून कंगवा फिरवला आणि त्याचं डोकं हळूहळू मागे कलत तिच्या पोटाला टेकलं. गाढ झोपला होता गडी. ताईनं कात्री तशीच हवेत धरली. उठवावं का? रांगेतल्या खलाशांनी ओठांवर बोट ठेवलं. कुणी हसलं नाही. गुडघे बोंबलत होते, तरी ती त्याचं डोकं सावरून उभी राहिली.

जागा झाल्यावर तो शरमला. मग मोडक्यातोडक्या शब्दांत, पण चक्क तिच्याच भाषेत, म्हणाला, "माफ करा, मावशी. पूर्वी तुमच्याकडचा एक दोस्त होता जहाजावर, त्यानं शिकवलं बोलायला." मानेवरचे केस झटकत त्यानं विचारलं, "मावशी, तुम्ही इथं का आलात? एवढ्या म्हाताऱ्या?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुणी प्रश्न विचारला होता.

"नीट सांगता येत नाही बघ," ती म्हणाली. "देवानं बोलावलं असं वाटलं. कशाला, ते बघायला आले."

त्याला ते पटलेलं दिसलं. त्यानं फोन काढून एका तान्ह्या मुलीचा फोटो दाखवला. तो समुद्रावर असताना ती जन्मली होती, त्यानं तिला अजून हातात घेतलं नव्हतं. "तुमच्या देवाला सांगा हिच्याबद्दल. आत्ता. मोठ्यानं."

चारचौघांत प्रार्थना करायची ताईची ही पहिलीच वेळ. त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिनं सुरुवात केली. "हे प्रभू, या बाळाला..." आणि पुढचे शब्दच आटले. मग जे येत होतं तेच ती बोलू लागली. "प्रभू, ही रात्री झोपते का रे नीट? दात आले का? आजीला त्रास देते का? बाप घरी गेला की ओळखेल ना त्याला? तुला सगळं ठाऊक आहे, आम्हाला काहीच दिसत नाही इथून. तू बघ तिच्याकडे."

आचारी मिटल्या डोळ्यांनी उत्तरं देत होता. "दोन दात आले. आजीला फार त्रास देते." गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. ताईला त्या क्षणी वाटलं, तिसरंही कुणीतरी ऐकतंय.

ते जहाज सकाळी गेलं, पुन्हा त्या बंदराला कधी लागलं नाही. बापलेकीची भेट कशी झाली, हे ताईला आजही ठाऊक नाही, आणि त्याची तिला चुटपुट आहे. पण हंगाम संपला तेव्हा ‘राहू का अजून?’ असं तिनंच प्रमुखांना विचारलं. आधी त्यांना स्टुलावर बसवून दोन्ही कान एकसारखे करून दिले, मग विचारलं.

पुढच्या वर्षी लेक-जावई भेटायला आले. लेक घुश्श्यातच होती, तरी शिडी चढली आणि जमिनीवरचे केस झाडायला लागली. एक पिकल्या मिशांचा खलाशी स्टुलावर बसून अखंड बोलत होता आणि ताई "हो, हो" म्हणत कात्री चालवत होती.

परतताना लेकीनं विचारलं, "काय सांगत होता गं तो?"

"मला काय माहीत! त्याची भाषा कुठं येते मला?"

"मग हो हो काय करत होतीस?"

"त्याला बोलायचं होतं," ताई म्हणाली. "तुला काय वाटतं, बायकोबद्दल असेल?"

लेकीनं मागे वळून जहाजाकडे पाहिलं. "नाही. मला वाटतं, भावाबद्दल. दोनदा असं छातीवर हात ठेवला त्यानं." आणि मग दोघी त्या खलाशाच्या भावाबद्दल तर्क लढवत गोदीच्या फाटकाकडे चालू लागल्या. जावई पेटी उचलून मागून येत होता.