त्या गावात माग नव्हता

मागाच्या अंगावर उजव्या हाताचा तळवा सपाट टेकवायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "थांबा. तिला बोलू द्या." बिघडलेल्या मागाजवळ आल्यावर आमच्या मास्तरांचं पहिलं काम हे. पान्याला हात नंतर. माग हा शब्द पुल्लिंगी असला तरी मास्तरांच्या लेखी प्रत्येक यंत्र बाईच होतं. दोन मिनिटांनी ते हात उचलून सांगत, "डाव्या अंगानं कण्हून राह्यली," आणि डावीकडचाच एखादा बोल्ट सैल निघे.

सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात. उधन्याच्या बाजूला आमच्या शेठचं असं एक खातं होतं. मी तिथं मेहताजी, म्हणजे हजेरी मांडायची, सुट्या भागांची नोंद ठेवायची आणि शेठ रागावले की समोर उभं राहायचं. मी मूळचा जालन्याकडचा, बी.ए. अर्धवट सोडून आलेला. मास्तर अमळनेरकडचे. घरी अहिराणी, माझ्याशी मराठी, शेठशी गुजराती. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे मास्तर म्हणायची पद्धत आहे. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलेलं नव्हतं.

तुम्ही कधी चालू खात्यात पाऊल टाकलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं कानाला काही काम नसतं. आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत असतात आणि माणसं ओठ हलवून बोलतात. समोरच्यानं ओठ वाचायचे. सगळ्यांनाच ते जमतं, पण मास्तरांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. शेडच्या त्या टोकाला दोन कारागीर शेठच्या नावानं बोटं मोडत असले, तर या टोकाला मास्तर गालात हसत. बाहेर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवरही त्यांची नजर बोलणाऱ्याच्या तोंडावरच असे. मला तर त्यांनी मिशी छाटायला लावली. "भाऊ, शब्द अडकतात तुमच्या मिशीत," म्हणाले. मी त्यांची थट्टा केली, पण दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे गेलो. एवढ्यावरून माझ्या काही लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पळापळीनंतर दुसऱ्या वर्षी शेठच्या डोक्यात नव्या मागांचं आलं. नवे म्हणजे जुनेच, पण धोटा नसलेले, परदेशातले. फ्रान्समध्ये एक गिरणी बंद पडली होती आणि तिचे माग सुटे करून आणायचे होते. सुटे करायला मास्तर आणि भागांवर नंबर टाकायला मी, असं ठरलं. माझं इंग्रजी चांगलं आहे असा शेठचा समज होता. तिथल्या लोकांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची शेवटपर्यंत गाठ पडली नाही, हा भाग वेगळा.

लिऑं नावाच्या मोठ्या शहरापासून आगगाडीनं अर्ध्या तासावरचं ते गाव. शेठ शहरात हॉटेलात राहिले आणि आमचे पासपोर्ट त्यांच्याच बॅगेत राहिले. आम्हाला गिरणीजवळ एक खोली दिली होती. सकाळी सगळं गाव बॅगा घेऊन स्टेशनाकडे चालत जाई, कोणी कोणाशी बोलत नसे. आठ वाजता गाडी गेली की गाव रिकामं. दारं बंद, खिडक्यांना लाकडी झापं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. संध्याकाळी तीच माणसं परत येत आणि झापांमागे नाहीशी होत. मला पहिल्या दिवसापासून तिथं भीती वाटली, ती सांगायला लाज वाटत नाही. सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत भरदुपारीही कोणाचा तरी रेडिओ, कोणाची तरी सासू, कोणाचा तरी स्टोव्ह चालू असतो. इथं माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागून येई आणि मी दोनदा वळून पाहत असे.

मास्तर मात्र खुशीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीच्या पायरीवर बसून आम्ही घरून आणलेली भाकरी आणि ठेचा खात होतो, तेव्हा ते म्हणाले, "शेठला सांगा, इथं आणखी एक खातं आहे. चालू आहे."

मी विचारलं, "कशावरून?"

"ऐका ना. बारा-पंधरा माग तरी असतील. धोट्याचेच."

मी घास थांबवून ऐकलं. काहीच नव्हतं. लांबवर एक पाखरू ओरडलं आणि तेही गप्प झालं. मी म्हणालो, "मास्तर, मला काही ऐकू येत नाही."

"तुमचे कान हजेरीचे," ते हसून म्हणाले.

यंत्रं विकणारा म्हातारा संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला खाणाखुणा करून विचारलं. त्यानं गिरणीकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि हात झटकले. या गावात विणकाम होतं ते याच गिरणीत, आणि ती बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. मी मास्तरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हातारा लपवतोय. चांगले माग दुसऱ्याला विकायचे असतील."

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मास्तर दिसेनात. गिरणीत नाहीत, खोलीत नाहीत. मी रस्त्यावर आलो. दोन्ही बाजूंना बंद घरं, आणि मी मोठ्यानं "मास्तर, मास्तर" म्हणत चाललोय. माझाच आवाज मला परका वाटत होता. एका खिडकीचं झाप बोटभर उघडलं आणि मिटलं. पासपोर्ट जवळ नाही, भाषा येत नाही, आणि कोणी पोलिसाला बोलावलं तर काय सांगायचं?

एका वळणावर ते दिसले. एका घराच्या भिंतीवर तळवा सपाट टेकवून, डोळे बारीक करून उभे होते. मग पुढच्या घराशी गेले आणि पुन्हा तळवा टेकवला. कुठल्या भिंतीमागे माग चालू आहेत ते हातानं शोधत होते. त्या दुसऱ्या घराच्या फाटकातून एक कुत्रा बाहेर आला. चांगला कमरेएवढा, काळा. तो मास्तरांच्या पाठीशी दोन हातांवर उभा राहून असा भुंकायला लागला की माझ्या अंगावर काटा आला. दारात एक माणूस येऊन ओरडत होता. मीही ओरडत होतो. आणि मास्तर आमच्या सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीला हात लावून, शांतपणे उभे होते.

तेव्हा मला कळलं. कुत्रा त्यांना ऐकूच येत नव्हता. मी पळत जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांनी वळून पाहिलं, कुत्रा पाहिला आणि ते पांढरे पडले. त्या घरमालकापुढे मी इतके हात जोडले की त्यानं शेवटी कुत्र्याचा पट्टा धरला.

स्टेशनासमोर बाकावर आम्ही बसलो. मी त्यांच्यासमोर तोंड आणून सावकाश म्हणालो, "मास्तर, या गावात चालू माग नाही. एकही नाही."

त्यांनी मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांची मराठी सुटली आणि घरची बोली आली. "मंग हाऊ कोन चालाडी राह्यना?"

मग हा कोण चालवतोय? वीस वर्षांत हा माणूस मागांपासून लांब गेलाच नव्हता. खात्यात माग, खोलीच्या भिंतीपलीकडे माग. कान कधी गेले आणि त्या जागी आतला आवाज कधी सुरू झाला, हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. ऐकू कमी येतंय एवढं ठाऊक होतं आणि ते त्यांनी ओठांवर निभावलं होतं. "प्लेगच्या वेळी सगळी खाती बंद होती ना," ते हळूहळू म्हणाले, "तवाही मला ऐकू यायचं. मला वाटायचं, कोणी शेठ चोरून चालवून राह्यला." मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. त्यांनी दोन्ही हातांनी कान दाबले, सोडले, पुन्हा दाबले. काही फरक पडत नव्हता. एवढा भेदरलेला मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी माझा हात धरला. "शेठला कळू देऊ नका भाऊ. बहिऱ्याला कोण मशिनीपाशी उभं करंल? दोन पोरी आहेत मला." मी शब्द दिला.

परत आलो. माग बसवले. सुरतेत कोणाकडे नसतील असे ते माग चालू झाले आणि एक गोष्ट झाली, जिचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. ते माग कमी आवाज करत. निम्म्याहूनही कमी. नव्या शेडमध्ये माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येऊ लागलं. कारागीर खूश झाले. आठवड्याभरात लोक पाठमोरे बोलायला लागले, काम करता करता खाली मान घालून बोलायला लागले. ज्या यंत्रांचा एकेक स्क्रू मास्तरांनी स्वतः सोडवून आणि स्वतः बसवून दिला, त्यांनीच त्यांना उघडं पाडायला घेतलं.

मी एक युक्ती केली. मास्तरांच्या टेबलावरच्या दिव्याचं बटण माझ्या केबिनमध्ये घेतलं. कोणी त्यांना हाक मारली की मी दिवा चालू-बंद करायचा, ते वर पाहायचे, मी बोट दाखवायचं. वर्षभर हे चाललं. वर्षभर मी घाबरून होतो. शेठच्या गाडीचा आवाज आला की माझा हात आपोआप बटणाकडे जाई. घरी जेवताना बायको म्हणे, "हाताला काय झालंय तुमच्या?" मी मास्तरांना एकदा म्हणालो, आपणच शेठला सांगून टाकू. त्यांनी फक्त माझा हात धरला, स्टेशनासमोरच्या बाकावर धरला होता तसाच. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग एक दिवस मी चहा प्यायला गेटवर गेलो होतो. पाच मिनिटं, फार तर सात. एका कारागिराची बाही मागात अडकली. तो "बंद करा, बंद करा" म्हणून ओरडला. मुख्य बटण मास्तरांपासून तीन पावलांवर होतं आणि मास्तर पाठ करून काहीतरी कानशीनं घासत होते. शेडच्या दुसऱ्या टोकाहून एकजण धावत आला आणि त्यानं बटण पाडलं. हात वाचला, दोन बोटं गेली.

मी आत आलो तेव्हा फरशीवर रक्त होतं आणि शेठ मास्तरांसमोर उभे होते. त्यांना सगळं समजलं होतं. वेगळं विचारायची गरजही नव्हती, कारण मास्तर शेठच्या तोंडाकडे बघत होते आणि शेठ प्रथमच त्यांच्या त्या बघण्याकडे बघत होते. मग शेठ माझ्याकडे वळले.

"तने खबर हती?"

तुला माहीत होतं का. मला माझी खोली दिसली, बायको दिसली, जालन्याची एस.टी. दिसली. मी आवाज अगदी खाली आणला. चोरून बोलल्यासारखं, कुजबुजत म्हणालो, "ना शेठ. मने खबर नहोती."

आवाज खाली आणला. कोणासमोर? मास्तर माझ्यापासून चार हातांवर उभे होते आणि माझा चेहरा पूर्ण त्यांच्याकडे होता.

त्यांनी ते वाचलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, तसे ते एकदम मोठ्यानं म्हणाले, "कोणालाच ठाऊक नव्हतं शेठ. मी कोणालाच सांगितलं नाही." सगळ्या शेडनं ते ऐकलं. माझी नोकरी त्या वाक्यावर पुढे नऊ वर्षं टिकली.

दुसऱ्या दिवशी ते पत्र्याची पेटी न्यायला आले. मी मागोमाग गेटपर्यंत गेलो. ते रिक्षात बसले, पेटी मांडीवर घेतली. मी रिक्षाचा दांडा धरून वाकलो, तोंड त्यांच्यासमोर आणलं आणि बोलायला लागलो. मास्तर, म्हणालो, मी घाबरलो होतो. मास्तर, त्या बोटांचं पाप माझ्याही माथी आहे. शब्द अगदी स्वच्छ उच्चारत होतो, ओठ मोठे करून, त्यांना आवडायचे तसे.

रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "कोणाशी बोलता, भाई? ते तर झोपलेत."

ते झोपले नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.