अम्मीची लस आणि अब्बांचं विमान

अब्बा बॅग घेऊन नाना पेठेतल्या आमच्या इमारतीचा जिना उतरत होते, आणि मी मस्कतमध्ये सोफ्यावर पाय वर घेऊन फोनच्या पडद्यावर ते पाहत होते. फोन अम्मीच्या हातात होता. व्हिडिओ कॉलवर फोन नीट धरणं तिला जमत नाही, त्यामुळे निम्मा वेळ मला जिन्याचा कठडा आणि तिच्या ओढणीचं टोकच दिसलं. खाली मुंबईला जाणारी टॅक्सी उभी होती. अब्बांनी बॅग डिकीत ठेवली, मास्क नाकावर ओढला, परत खाली केला आणि अम्मीला म्हणाले, “गॅसचा नॉब झोपताना बघत जा.”

“इतकी वर्षं कोण बघतंय?” अम्मी म्हणाली.

अब्बा टॅक्सीत बसले. तिला मागे ठेवून ते कधी परगावीसुद्धा मुक्कामाला राहिले नव्हते. आता समुद्रापलीकडे निघाले होते, आणि विमानात बसायला जो पीसीआर रिपोर्ट लागतो तो अजून लॅबमधून आलेला नव्हता. मला नववा महिना लागला होता. यायचं खरं तर अम्मीला होतं.

मी पुणं सोडलं ते लग्नानंतर. माझा नवरा इम्तियाज मस्कतला एका कंपनीची गोदामं सांभाळतो. मी हिंजवडीतली नोकरी सोडून त्याच्याकडे गेले. मुंबई विमानतळाच्या दारात अब्बा ट्रॉलीचं अडकलेलं चाक सोडवत बसले. अम्मी रडली नाही. तिनं माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, “बाळंतपणाला मी येणार. तू बोलावलं नाहीस तरी येणार.” ते तेव्हा इतकं सोपं वाटलं की मी हसले. मुंबईहून विमानानं मस्कत तीन तासांच्या आत येतं. पावसाळ्यात हिंजवडीहून कंपनीच्या बसनं नाना पेठेत पोचायला मला कधी कधी तेवढाच वेळ लागायचा. त्यामुळे मैत्रिणींना मी सांगायचे, मी काही लांब गेलेले नाही, फक्त स्टॉप बदललाय.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. विमानं बंद होती. अम्मी रोज फोन करायची आणि काही बोलायची नाही. तिच्या बाजूनं कुकरची शिट्टी ऐकू यायची, माझ्या बाजूनं एसीची घरघर. ‘ठेवते’ असं ती म्हणायची नाही आणि मीही म्हणायचे नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी लांब आले आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेले, तेव्हा ते आम्ही बरेच महिने कुणाला सांगितलंच नाही. त्या उन्हाळ्यात भारतातून इकडे यायला बंदी होती. सप्टेंबरात बंदी उठली, पण अट आली: दोन्ही डोस घेतलेले हवेत, लस इथल्या सरकारच्या यादीतली हवी, आणि सर्टिफिकेटवर क्यूआर कोड हवा. मी यादी वाचली. परत वाचली. मग इम्तियाजला वाचायला दिली, कारण मला वाटलं मीच चुकतेय.

अब्बा आणि अम्मीला लस वेगवेगळ्या दिवशी मिळाली होती. बुधवार पेठेत अब्बांचं ॲम्प्लिफायर आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून येता येता ते रांगेत उभे राहिले आणि आमच्याच पुण्यात तयार होणारी लस टोचून आले. अम्मीला दमा आहे, त्यामुळे ती घाबरत होती. धीर करून गेली तेव्हा केंद्रावर दुसरी देशी लस आलेली होती. कोणती हवी असं तेव्हा कोण विचारत होतं? मिळाली हेच नशीब. आम्ही घरच्या ग्रुपवर दोघांचेही बाही वर केलेले फोटो टाकले होते. आता यादीत अब्बांची लस होती. अम्मीची नव्हती.

त्यानंतर मी रोज उठल्या उठल्या यादी बघायला लागले. चहाच्या आधी, तोंड धुण्याच्याही आधी. आज नाही तर उद्या येईल असं अम्मीला सांगायचे. तिला ते सांगताना आवाज नॉर्मल ठेवण्याची मी आधी प्रॅक्टिस करायचे. ती तिकडे शांत बसली नव्हती. ती केंद्रावर गेली आणि यादीतली लसही टोचा म्हणून डॉक्टरीणबाईंना सांगू लागली. त्यांनी समजावून सांगितलं की दोन्ही डोस झालेल्यांना असं काही देता येत नाही. अम्मी घरी आली आणि तिनं मला फोन लावला.

“मी लस घेतलेली आहे की नाही, एवढं तरी मला कोणीतरी सांगा,” ती म्हणाली. “इथले म्हणतात घेतली, तिथले म्हणतात नाही घेतली. दंड तर माझाच दुखला होता.”

डॉक्टरांनी माझ्या रक्तदाबाकडे बघून आराम सांगितला होता. पहिल्या वेळचा अनुभव असल्यामुळे घरात एकटी राहायला मला भीती वाटायची, आणि इम्तियाजला रजा मिळत नव्हती. शेवटी तोडगा अम्मीनंच काढला. तिनं अब्बांना विचारलं नाही, सांगितलं. तुम्ही जा.

अब्बांनी आयुष्यात स्वतःचा चहासुद्धा केलेला नव्हता. अम्मीनं त्यांना शिकवायला घेतलं. खिमट कसं करायचं, सुंठ-गुळाची अछवानी बाळंतिणीला किती कडक द्यायची, बाळाची मान कशी धरायची. टॉवेलात दुधी भोपळा गुंडाळून त्यांनी आंघोळ घालण्याचा सराव केला. अम्मीनं त्याचा व्हिडिओ पाठवला. भोपळा हातातून निसटतो आणि मागून अम्मी म्हणते, “चला, नातू गेला.” तो बघून मी इतकी हसले की पोट धरावं लागलं. मग ‘गेला’ हा शब्द परत ऐकू आला. तो शब्द आमच्या घरात कोणी चेष्टेतही वापरू नये असं मला वाटलं. अम्मीलाही तसंच वाटलं असावं. तिनं तो व्हिडिओ काढून टाकला.

रिपोर्ट आला तेव्हा टॅक्सी खंडाळ्याचा घाट उतरत होती. निगेटिव्ह. पण मुंबईच्या काउंटरवर वेगळंच निघालं. पासपोर्टवर अब्बांचं नाव शेख अब्दुल रशीद, आणि लसीच्या सर्टिफिकेटवर नुसतं रशीद शेख. काउंटरवरची मुलगी कागद घेऊन आत साहेबांकडे गेली. अब्बांनी मला फोन करून हे सांगितलं आणि बॅटरी वाचवायची म्हणून बंद केला. त्यानंतर बराच वेळ काहीच कळेना. मी पुण्याला फोन लावला तर अम्मी विचारायची काय झालं, आणि मला काही माहीत नसायचं. मधेच माझ्या लक्षात आलं की बाळाची हालचाल जाणवत नाहीये. मी डाव्या कुशीवर झाले, थंड पाणी प्यायले, पोटावर हात ठेवून वाट पाहिली. एका हातात फोन, दुसरा पोटावर. दोन्हीकडून काही नाही.

आधी पोटात लाथ बसली. मग अब्बांचा मेसेज आला: बसलो.

ते आले आणि काही दिवसांतच इम्तियाजचा रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला. त्याला ताप फारसा नव्हता, पण कंपनीनं त्याला लगेच वेगळ्या क्वार्टरमध्ये हलवलं. त्याच आठवड्यात, तारखेच्या बऱ्याच आधी, सकाळी माझी कंबर दुखायला लागली. हॉस्पिटलात एकालाच आत यायची परवानगी होती. केरळची नर्स होती. तिनं हिंदीत विचारलं, पती कुठे आहेत? अब्बा म्हणाले, मी वडील आहे. ती घुटमळली. मीही घुटमळले. आमच्या घरात पोट, कळा, बाळंतपण हे शब्द अब्बांसमोर कधी उच्चारले गेले नव्हते. मला दिवस गेल्याचंही त्यांना अम्मीनंच सांगितलं होतं, आणि नंतर फोनवर त्यांनी मला फक्त ‘जेवतेस ना?’ एवढं विचारलं होतं.

ते पडद्याच्या आत आले आणि माझ्या डोक्याशी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एक हात मागे माझ्याकडे केला.

“मी इथेच आहे,” ते म्हणाले. “मी तिकडे बघत नाही. तू हात धर.”

मी धरला. दुपारपर्यंत तो सोडला नाही. नंतर त्यांच्या मनगटावर माझ्या नखांचे व्रण कितीतरी दिवस होते. मुलगी झाली. लहानशी, सुरकुतलेली, पण खणखणीत रडणारी. त्यांनी तिला उचललं, मान अगदी बरोबर धरली, आणि तिच्या उजव्या कानात हळू आवाजात अजान द्यायला सुरुवात केली. फोन माझ्या उशाशी चालू होता. मध्येच अब्बांचा आवाज फुटला आणि ते थांबले. तेव्हा पुण्याहून, फोनमधून, अम्मी म्हणाली, “पुढे म्हणा.” त्यांनी पुढे म्हटली.

ऑक्टोबर सरता सरता अम्मीची लस यादीत आली. त्या सकाळी मी बघितलीच नव्हती. बाळाला, आमच्या इनायाला, कावीळ झाली होती आणि मी तिला उन्हात घेऊन बसले होते. अम्मीनंच फोन करून सांगितलं. “झालं माझं लसीकरण,” ती म्हणाली. व्हिसा, तिकीट, रिपोर्ट हे सगळं होऊन ती पोचली तोवर चाळीस दिवस पुरे होत आले होते.

घरात आल्यावर तिनं आधी हात धुतले. अब्बा स्टुलावर बसून, इनायाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते. अम्मी दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, पाणी गार आहे. ते गार नव्हतं. अब्बांनी लगेच म्हटलं, तू घाल. ती नको म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर ती चालू नळासमोर नुसतीच उभी होती.

“तू आलीस की,” मी म्हणाले.

“आले,” अम्मी म्हणाली. “तू कळा देत होतीस तेव्हा नाही आले.”

मी नळ बंद करायला हात पुढे केला. तिनंच नळ बंद केला, बॅगेतून तेलाची बाटली काढली आणि मला पालथी झोप म्हणाली. अब्बांनी त्या दिवसांत सगळं केलं होतं, पण माझ्या पाठीला हात लावणार कोण होतं? अम्मीनं मानेपासून खालपर्यंत तेल जिरवलं. मी उशीत तोंड खुपसून रडले. पहिल्या बाळाचं रडूही त्यात होतं. बाळाला तिनं संध्याकाळी घेतलं, आधी मला झोपवून.

आता इनाया शाळेत जाते. विमानतळावर कोणी लसीचं विचारत नाही, यादी नाही, क्यूआर नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना कदाचित हे ओळखीचं वाटेल: तरीही तिकीट काढण्याआधी मी प्रवेशाचे नियम शोधते. आणि जे तिकडे राहिलात, तुम्ही म्हणता तीन तासांवर तर आहेस, ये की पटकन. येते. पण ‘लांब गेलेले नाही’ हे मला आता म्हणवत नाही. विमानाचे तास मोजून मी अंतर ठरवत होते. मध्ये एक दार आहे आणि ते बंदही होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात अम्मीचा दमा वाढला, तेव्हा मी हट्ट धरला. दोघांनी आता इकडेच राहायला या, कागदपत्रांचं आम्ही बघतो. अब्बा दुकान बंद करायलाही तयार झाले होते. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं.

“इम्तियाजची नोकरी आहे तोवर तुम्ही तिथे,” ती म्हणाली. “आम्ही आलो तर तुमच्या कागदावर राहणार. आपल्यापैकी कुणाला तरी, कुठे तरी, कुणाला न विचारता राहता आलं पाहिजे. ती जागा मी धरून बसलेय. तुला लागली तर ये.”

मी फोन ठेवला. दार बंद होण्याची तिची भीती माझ्यासारखीच आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं. मग मी मे महिन्याची तिकिटं काढली.