मंद्रूप रस्त्यावरची लाल चादर

तोडलेल्या उसाचा वास आला की आजही माझा पाय आपसूक ब्रेक शोधतो. वीस वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही मंद्रूपहून भाड्याच्या जीपने सोलापूरला निघालो होतो. चालक सलीमभाई, मी, बायको आणि तिच्या मांडीवर तान्ही लेक. धुक्यात बोनेटपुढचं काही दिसेना.

"थांबवा! तोडलेल्या उसाचा वास येतोय," बायको ओरडली.

"वहिनी, हितं समदीकडं ऊसच हाय की," म्हणत सलीमभाईंनी ब्रेक दाबला. हातभर अंतरावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही.

बायकोने लेकीच्या अंगावरची लाल चादर काढून ट्रॉलीला बांधली. लेक गारठून रडू लागली, तेव्हा मला बायकोचा रागच आला. आता तीच लेक रोज स्कूटरवर त्या रस्त्याने जाते आणि ट्रॉल्या अजून बिनदिव्याच्या आहेत.

त्या दिवशी ठरलेलं भाडं सलीमभाईंना दिलं. चादर मात्र मागून येणाऱ्यांना दिली.