पदर वर करा, आजी

चोपड्याच्या कचेरीत एक म्हातारी भेटली, नाव काही मी विचारलं नाही. मेलेल्यांच्या नावावर लोक पेन्शन खातात, म्हणून सरकारने कायदा काढला: मोबाइलपुढे तोंड दाखवा, डोळे मिचकावा, तरच तुम्ही जिवंत. हिचा पदर हनुवटीपर्यंत, कारण मागे रांगेत ऐंशीचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, उभे!

"पदर वर करा, आजी, नाहीतर पेन्शन बंद," कारकून कावला.

ती गर्रकन मागे वळली. "आबा, भितकडे तोंड करा! मी जित्ती शे हाई सरकारले दखाडनं शे, तुमले नई."

जेठ भिंतीकडे वळले. पदर वर गेला. दात एक नाही, पण हसली काय गोड! मोबाइलने तिला जिवंत ठरवलं. चोर किती सापडले देव जाणे. जेठांनी जन्मात न पाहिलेलं तोंड मात्र कायद्याने पाहून घेतलं.