पलंगापासून बाथरूमपर्यंत दोरी

आमच्या मनवेलपाड्याच्या घरात सगळं बांधलेलं असायचं. ओट्यावरच्या बरण्या, फळीवरची पुस्तकं, देवघरातली घंटासुद्धा. बाबा नौदलात इंजिनरूममध्ये होते. तिथून निवृत्त झाल्यावर तुळिंजला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले. तिथेही आल्या आल्या त्यांनी बेअरिंग आणि फिल्टरच्या खोक्यांपुढे सुतळी ताणली. "काय हो, दुकान कुठे वाहून चाललंय का?" शेठने विचारलं. बाबा हसले, पण सुतळी राहिली.

मला मात्र लहानपणापासून कोडं पडलेलं. समुद्र सोडून आलेला माणूस ही बांधाबांध का सोडत नाही? विचारलं की म्हणायचे, "सवय." नको तिथे नाक खुपसायची माझी खोड जुनी, पण त्या एका शब्दापुढे माझी डाळ शिजायची नाही.

आई गेल्यापासून ते मनवेलपाड्याला एकटेच राहतात, मी वसईला. गेल्या वर्षी ते बाथरूमच्या दाराशी पडले. कानातल्या दोषाने तोल जातो, डॉक्टर म्हणाले. पुन्हा पडले तर एकटं राहणं संपलं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. काठी आणली, ती दाराआड गेली. वॉकर आणला, त्यावर टॉवेल वाळू लागले. मी चिडले, रडलेही. "नक्की होतं तरी काय तुम्हाला?"

"जमीन हलते. खवळलेल्या समुद्रात डेक हलायचा, तशी."

"मग तेव्हा काय करायचात?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधायचो. तिला धरून चालायचं. कॅप्टनसुद्धा."

दुसऱ्या दिवशी मी कळंबच्या किनाऱ्यावर गेले. जाळं सांधत बसलेल्या एका मावशींनी जाड नायलॉनची दोरी दिली. "पान्यातबी कुजनार नाय," त्या म्हणाल्या. पलंगाजवळच्या खिडकीच्या गजापासून बाथरूमशेजारच्या खिडकीपर्यंत मी ती ताणून बांधली.

बाबा बघत बसले होते. मग उठले, भिंत धरत बाथरूमच्या टोकाला गेले आणि माझी गाठ सोडू लागले. माझं मन खट्टू झालं. काठी गेली तशी हीसुद्धा जाणार.

त्यांनी दोरी पुन्हा गजाभोवती घेतली, आपली गाठ मारली, अंगाचा भार टाकून पाहिला.

"तुझ्या गाठीने बरणीसुद्धा राहिली नसती," ते म्हणाले, आणि दोरी धरून एकटेच पलंगापर्यंत चालत आले.