जी चाल मशीनला सापडली नाही

"माझा आवाज गेलाय," डॉक्टर कांबळे फोनवर म्हणाल्या. आवाज तर खणखणीत येत होता. "घसा नाही हो. व्हिडिओतला. मी नुसते ओठ हलवायलेय त्यात."

मी परभणीत व्हिडिओ एडिटिंग करते. डॉक्टर कांबळे यांचा सोनपेठला दवाखाना आहे. साप चावल्यावर काय करू नये, यावर त्यांनी इंटरनेटवर एक व्हिडिओ टाकला होता आणि त्याची लिंक गावोगावच्या ग्रुपवर फिरत होती. घरीच मोबाईलवर जोडलेला, खाली सिनेमाचं गाजलेलं गाणं. गाण्याच्या मालकाने दावा लावला. अशा वेळी कधीकधी व्हिडिओचा अख्खा आवाजच बंद होतो.

"व्हिडिओ काढून टाका मग," मी म्हटलं.

"काढला. पण त्याआधीच, काल काय झालं ते ऐका."

चाव्याच्या वर करकचून दोरी बांधू नका, हे सांगताना त्यांनी दोरी बांधून दाखवली होती. आवाज गेल्यावर उरली ती फक्त दोरी बांधणारी डॉक्टर. शेजारच्या गावचा एक माणूस दवाखान्यात आणला गेला तो पाय काळानिळा पडलेला. त्याचा भाऊ म्हणाला, "तुमच्याच व्हिडिओत बघून बांधलं, म्याडम." माणूस वाचला. डॉक्टरांची झोप उडाली. पेरण्या सुरू झाल्या होत्या. नवा व्हिडिओ लगेच हवा होता, आणि कुणी बंद पाडू शकणार नाही असा.

मी त्यांना समजावलं. एका गाण्यात दोन मालक्या असतात. एक चालीची आणि शब्दांची, दुसरी रेकॉर्डिंगची. तेच गाणं आपण पेटीवर वाजवलं तरी पहिली मालकी राहतेच. इंटरनेटवर फुकट संगीताचे संग्रह आहेत, पण तिथंही प्रत्येक तुकड्याच्या अटी वाचाव्या लागतात.

अशाच एका संग्रहातून मी व्हिडिओसाठी सापाचा आवाज उतरवून घेतला. डॉक्टरांनी ऐकला. "हे काय खुळखुळायलंय?" तो परदेशी साप निघाला, शेपटी वाजवणारा. "आपली घोणस कुकरसारखी फुसकारते. लोकांना शेतात तेच ऐकू येणार. चुकीचा साप शिकवू का मी?"

मग सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडून मी फुसकारा रेकॉर्ड केला. स्वतः केलेला आवाज स्वतःचाच असतो. ट्यूब पुन्हा पुन्हा भरावी लागली, तेव्हा कुठे डॉक्टर म्हणाल्या, "हां, आता भीती वाटायली."

राहिलं संगीत. संग्रहातलं ऐकून त्यांनी नाक मुरडलं. "फ्लॅटच्या जाहिरातीसारखं वाटतंय. युनूसमास्तरांना बोलवू. त्यांचा कॉर्नेट वाजला की माणूस ताटावरून उठून दारात येतो."

युनूसमास्तर म्हणजे सोनपेठचे बँडमास्तर, आणि कॉर्नेट म्हणजे त्यांचं ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य. मिशीला पीळ, बोलण्यात रुबाब. मी माईक घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, तर ते आधीच हजर. "सिनेमाचं नको? मंग बँडवाला कशाला बोलावला?" मी अट सांगितली. चाल स्वतःची हवी. "बस, एवढंच?" त्यांनी कॉर्नेट उचलला आणि असं काही वाजवलं की दवाखान्यातले पेशंट दाराशी गोळा झाले.

ते मी रेकॉर्ड केलं, मास्तरांची लेखी परवानगी घेतली. व्हिडिओ कुणाला दिसणार नाही असा इंटरनेटवर चढवून तपासला. तिथलं मशीन आपला आवाज ढीगभर गाण्यांशी ताडून बघतं. एकही दावा नाही. सकाळी खुला करायचं ठरलं.

सकाळी ऑफिस उघडायला गेले तर मास्तर पायरीवर बसलेले. सोनपेठहून एसटीने आलेले, कॉर्नेट मांडीवर.

"ताई, ते लावू नका. चाल माझी न्हाई."

"मास्तर, तपासलंय. कुठंच सापडली नाही."

"मशीनला कशी सापडंल? रेकॉर्डच न्हाई झाली कधी. पलीकडच्या तालुक्यात एक मास्तर होते. लग्नाची सुपारी, म्हंजे वाजवायचं काम, कुणी घ्यायचं यावरून आमी लय भांडलो. चाल त्यांची हाय. माझ्या बोटात कवा शिरली, मलाच कळलं न्हाई. काल घरी गेल्यावर ध्यानात आलं."

"ते आता कुठं असतात?"

"गुजर गये. पोरं बँड सोडून हैदराबादला गेली. आता कोण इचारतंय, असंच म्हणणार ना तुमी?"

मी अगदी तेच म्हणणार होते.

"जित्या माणसाशी भांडता येतं, ताई. मेलेल्याची चाल उचलून कुणाशी भांडू?"

मी डॉक्टरांना फोन लावला. वाटलं, चिडतील. "मास्तरांना चहा पाजा," म्हणाल्या. "मी थांबते."

पंखा बंद केला, माईक लावला. मास्तर वाजवायचे, मान हलवायचे. "हे बी कुणाचं तरी." पुन्हा वाजवायचे. घामाने मिशीचा पीळ उतरला. शेवटी एक आखूड हाक निघाली, बांधावरून कुणाला तरी घाईने बोलवावं तशी. आदल्या दिवशीच्या चालीइतकी देखणी नव्हती. ऐकताना मी मात्र हातातलं काम सोडून वर बघितलं.

"हे माझं," मास्तर म्हणाले. "हे लावा."

संध्याकाळी व्हिडिओ खुला झाला. डॉक्टरांनी दोरीचा सीनही बदलला होता. आता त्या दोरी हातात घेतात आणि फेकून देतात, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात येतं, 'बांधू नका'. आवाज बंद केला तरी उलटं कळणार नाही. आजपर्यंत त्यावर दावा आलेला नाही.

संगीत घेऊन येणाऱ्यांकडून मी अजूनही परवानगी घेते, मशीनवर तपासते. त्यात पुष्कळ पकडलं जातं. ज्यावर कुणी दावाच लावणार नाही, ते मात्र वाजवणाऱ्यानेच पकडावं लागतं. त्यासाठी सकाळची एसटी धरून येणारा दुसरा माणूस मला अजून भेटायचाय.